महिन्यातले वीस दिवस दौरा, लॉजवर किचन नाही: जेवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वय ३६, बियाण्यांच्या कंपनीत फिल्डचं काम. घर लातूरला, पण महिन्यातले वीस-बावीस दिवस बीड, परभणी, हिंगोली, नांदेड असं फिरणं आणि मुक्काम लॉजवर. तीन वर्षांत वजन ७४ वरून ८३ किलो झालं. यंदाच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३० आलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, 'खाण्याकडे बघा आणि तीन महिन्यांनी या' एवढंच म्हणाले. तुमचं म्हणणं, किचनच नाही तर बघायचं कशाकडे? ओट्स न्यावेत, प्रोटीन पावडर घ्यावी, की सरळ रात्रीचं जेवणच बंद करावं?

मी एकोणीस वर्षं लातुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे तुमच्यासारखे फिरस्ते पुष्कळ येतात: औषध कंपन्यांचे एमआर, वसुलीवाले, पीकविम्याचे सर्व्हेअर, हार्वेस्टरचे चालक. यांच्यापैकी कुणालाही मी पहिल्याच भेटीत आहाराचा तक्ता देत नाही. तो तक्ता लॉजच्या खोलीत पंख्याखाली फडफडत राहतो, दुसरं काही होत नाही. मी त्यांना मागचे तीन दिवस आठवून लिहायला सांगते. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता खाल्लं, हे मला आधी बघायचं असतं. तुम्ही तुमचा एक दिवस लिहिलाच आहे, तोच घेऊ.

सकाळी सातला लॉजवर चहा-बिस्किटं. नऊला टपरीवर पोहे नाहीतर आलुबोंडा. मग दुकानदार, शेतकरी, प्लॉट, आणि दिवसभरात सात-आठ चहा. दुपारचं जेवण 'मिळालं तर' तीन-साडेतीनला, नाहीतर दोन केळी आणि वेफर. रात्री साडेनऊ-दहाला ढाबा: शेवभाजी किंवा पनीर मसाला, तीन-चार तंदुरी रोट्या, दाल तडका, जीरा राइस. साडेदहाला आडवं.

आता यात किचन कुठे आड आलं, सांगा. ढाब्याच्या खाटेवर बसता तेव्हा तुमच्या पोटात सकाळपासून डाळ नाही, भाजी नाही, दही नाही. चहा, मैदा आणि तळण एवढंच आहे. अशा वेळी वेटर समोर उभा राहिला की माणूस डोळ्यांनी ऑर्डर देतो. रविवारी घरी असता तेव्हा एक वाजता वरण-भाकर-भाजी होते आणि रात्री दोन पोळ्यांत भागतं, हेही तुम्हीच लिहिलंय. माणूस तोच आणि भूकही तीच. फरक आहे तो दुपारच्या खड्ड्याचा. मी तुमच्याशी काम करायला बसले असते तर पहिला महिनाभर रात्रीच्या जेवणाबद्दल एक शब्द बोलले नसते. सकाळी नऊ ते रात्री नऊ या बारा तासांत दोन वेळा काहीतरी घट्ट पोटात जातंय का, एवढंच विचारलं असतं.

पुढे जाण्याआधी, कुणी काय करू नये ते सांगते, कारण हे उत्तर तुमच्याशिवाय इतरही वाचतील. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात आणि गोळी नाही, म्हणून मी मोकळेपणानं लिहितेय. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवण पुढे ढकलणं, रात्रीचं वगळणं हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. गाडी चालवताना साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेततं. किडनीचा त्रास असेल तर खाली लिहिलेली डाळी-शेंगदाण्यांची गणितं तुमच्यासाठी नाहीत. बीपी असेल तर फुटाणे बिनमिठाचे घ्या आणि चटणी-लोणच्यावर हात आवरा. दिवसभराचं मीठ एक चहाचा चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, यापुढे जायला नको. तुम्ही अंडी खाता, पण गुरुवार-शनिवार पाळता असं लिहिलंय, तेही धरून चालते.

आता बॅगेत काय असावं? माझ्या माहितीत मराठवाड्याइतकं चुलीपासून लांब राहून खायचं शास्त्र फार कमी भागांनी रचलं असेल. आपल्याकडे माणसं कायम घराबाहेर राहिली: सुगीला शेतात, मेंढरांमागे, दिवाळीनंतर ऊसतोडीला. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, मेतकूट, येसर (आमटीसाठीचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), सातूचं पीठ, धपाटे, दशम्या ही सगळी त्यातूनच आलेली चिजवस्तू. आपण ती 'गावाकडचं' म्हणून बाजूला सारली आणि आता विमानतळावरचे प्रोटीन बार शोधतोय.

तुमच्यासाठी मी दोन डब्या सांगेन. पहिलीत साल असलेले फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, निम्मे-निम्मे. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. तुमची एक भरलेली मूठ साधारण तीस ग्रॅमची. सकाळी अकराला एक मूठ आणि संध्याकाळी सहाला एक. मूठच का? शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात. पिशवी मांडीवर घेऊन परळी ते गंगाखेड गाडी चालवलीत तर एका जेवणाएवढं पोटात जातं आणि पत्ताही लागत नाही. माझ्या एका पेशंटनं यावर साधा उपाय काढला होता. पेढ्याची जुनी पावशेरी स्टीलची डबी असते ना, झाकण घट्ट बसणारी, तिच्यात तो रोज सकाळी लॉजवर मोठ्या पिशवीतून दोनच मुठी भरायचा आणि पिशवी खोलीतच ठेवायचा. डबी संपली की दिवसाचा कोटा संपला.

दुसरी डबी चटणीची, जवस किंवा कारळं. टपरीवरच्या पोह्यांवर शेव घालू देऊ नका, तुमची चटणी दोन चमचे घाला आणि बाजूला दही मिळतंय का बघा. खानावळीत भाजी नावालाच असेल तरी भाकर-दही-चटणीत जेवण होतं.

एक अनुभव सांगते, माझाच. नवीन नवीन असताना मला मोड आलेल्या कडधान्यांचं फार कौतुक होतं. मे महिन्यात एका आरोग्य शिबिरासाठी किनवटकडे निघाले होते. सकाळी सहाला मोड आलेली मटकी, कांदा, लिंबू असं डब्यात भरलं आणि जीपमध्ये ठेवलं. दीड वाजता झाकण उघडलं तर फस्सकन हवा सुटली, मटकीला बारीक फेस होता, वास आंबूस. तेव्हाच टाकायला हवं होतं. पण समोर वीस बायका बसल्या होत्या आणि मी नुकतंच त्यांना मोडांचं महत्त्व सांगितलं होतं. खाल्लं. ती रात्र लॉजच्या बाथरूममध्ये गेली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या प्रवासात ओलं काही बांधून न्यायचं नाही हा माझा नियम आहे. उकडलेली अंडी, भात, मोड, चिरलेली फळं, पनीर हे सगळं उन्हात तासाभरापलीकडे विश्वासाचं राहत नाही, आणि बंद गाडीत तर त्याहून लवकर बिघडतं. बॅगेत कोरडं ठेवा, ओलं जागेवर घ्या.

चहाचं गणित तुम्ही गमतीत उडवलंय, मला ते गमतीचं वाटत नाही. आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा चार-पाच ग्रॅमचा. म्हणजे दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम साखर, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना बाहेरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत ठेवा म्हणते. तुमचं २३० ट्रायग्लिसराइड बघितल्यावर माझं बोट शेवभाजीच्या आधी चहाकडे जातं. तेल खाल्लं म्हणूनच ट्रायग्लिसराइड वाढतं हा समज आहे. जास्तीची साखर आणि मैदाही यकृतात त्याच वाटेनं जातात. दारू असेल तर तीही. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही, पण हिशोबात धरा.

पण शेतकऱ्याच्या ओसरीवर चहा नाकारणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. तुमचं तर पोटच त्या ओसरीवर चालतं. माझे पेशंट सांगतात की 'डाएट चालू आहे' म्हटलं की लोक हसतात आणि आग्रह वाढतो. 'शुगर निघालीय' म्हटलं की घरातली आजी स्वतः आत ओरडते, 'बिनसाखरेचा टाक गं एक.' आता तर प्रत्येक घरात एक शुगरवाला आहे, त्यामुळे वेगळा चहा टाकणं कुणाला जड जात नाही. उंबरठ्यावर असलेल्या माणसानं असं म्हटलं तर फार खोटंही नाही. उन्हाळ्यात सरळ ताक मागा. ज्या घरी म्हैस आहे तिथे ताक मागितलेलं चहापेक्षा जास्त आवडतं. दिवसात दोन साखरेचे चहा ठेवा, सकाळचा आणि तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतो तो. सगळे तोडले की पंधरा दिवसांत सगळे परत येतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता तसं सांगतच नाही.

आता हॉटेल. इथे तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा बरंच काही आहे, फक्त मेनूकार्ड बाजूला ठेवून बोलावं लागतं. बऱ्याच ढाब्यांवर पनीर मसाला, काजू करी, शेवभाजी ही नावं वेगळी असली तरी खालची ग्रेव्ही एकाच पातेल्यातली असते, आणि ती टिकावी म्हणून तेल सढळ असतं. वरून शेव म्हणजे तळलेलं बेसन, पनीर बहुतेकदा तळून घेतलेलं. त्यामुळे यांतलं कुठलं बरं, या प्रश्नात मी पडत नाही. मी विचारते: दाळ आहे का, बिनतडक्याची? पालक घालून डाळभाजी कराल का? मटकीची, चवळीची, हरभऱ्याची उसळ आहे? पिठलं? भाकर किती वेळात? कांदा-काकडी-लिंबू आणि दही तर कुठेही मिळतं. 'वरून फोडणी टाकू नका' हे वाक्य ऑर्डर देतानाच बोलायचं, ताट आल्यावर उपयोग नाही. दाल तडक्यातला तो वरचा लाल तवंग एक-दोन मोठे चमचे असतो; एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, आणि त्यानं पोट भरल्यासारखंही वाटत नाही.

आणि रस्साच आला समोर तर? ताटाच्या पलीकडच्या कडेखाली चमचा आडवा सरकवायचा. ताट तुमच्याकडे किंचित कलतं. दोन मिनिटं कांदा-काकडी खात बसा. तोवर रश्श्यातला तवंग अलीकडच्या कडेला उतरतो आणि भाजीचे तुकडे पलीकडे कोरडे पडतात. तिकडून खायचं आणि तेलाचं ते डबकं तसंच राहू द्यायचं. मी हे एका ट्रकचालकाला करताना बघितलं, अहमदपूरच्या पुढे एका ढाब्यावर. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, पित्त होतंय, म्हणून.' त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी ते सगळ्यांना सांगते आणि श्रेय त्यालाच देते.

दही, काकडी, दाळ, उसळ आधी आणि भाकर-भात नंतर, हा क्रम लावून बघा. जेवण तेच असलं तरी या क्रमानं जेवणानंतरची साखर कमी उसळते, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या भाकरीची आठवण होत नाही.

त्या भाकरीबद्दलही बोलायला हवं. 'मी आता पोळी सोडून ज्वारीवर आलोय' हे तुम्ही मोठ्या खात्रीनं लिहिलंय. चांगलंच केलंत. तंदुरी रोटीतल्या मैद्यापेक्षा ज्वारीची भाकर केव्हाही बरी. तिच्यात चोथा आहे, आणि ती चावून खावी लागते. पण ज्वारीनं साखर वाढत नाही हे खरं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थच असतात. ढाब्यावरच्या एका भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागतं. तीन भाकरी म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वर पिष्ट, आणि त्यावर भात वेगळा. तुम्ही बियाण्यातले, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण तुम्हाला माहीत असणारच, लोह आणि जस्त जास्त असलेलं. त्याचंही तेच आहे. लोह वाढलं म्हणून पिष्ट कमी होत नाही. आपले आजोबा चार भाकरी खायचे आणि दिवसभर औत धरायचे. ऊसतोडीवरची बाई पहाटे भाकरी थापून फडावर जाते आणि दिवसभर कोयता चालवते. तुमचा-माझा दिवस गाडीत आणि खुर्चीत जातो. तुम्हाला रात्री दीड भाकर पुरते, दुपारी दोन. भात हवा असेल तर एक भाकर कमी.

शक्य असेल तिथे ढाब्यापेक्षा घरगुती खानावळ धरा. लॉज निवडताना एसी आणि पार्किंग बघता तसं आसपास चालत जाता येईल अशी खानावळ आहे का, तेही बघा. लातूर, नांदेड, संभाजीनगरला शिकवण्यांमुळे बाहेरगावची मुलं खोली करून राहतात, त्यांच्यासाठी मेस आणि डबेवाल्या मावश्या गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी एक-दोन दिवसांचा डबाही देतात. तालुक्याच्या गावी दोन-तीनदा गेलात की ओळख होते. मग दुपारी एक फोन करायचा: 'मावशी, रात्री आठला येतो, दोन भाकरी, मेथी कमी तेलाची आणि घट्ट वरण.' मावशी करतात. नुसतं वरण-भाकर मागणारं गिऱ्हाईक त्यांना परवडतं. तुमच्या नेहमीच्या मार्गावरची अशी पाच-सहा ठिकाणं आणि त्यांचे नंबर जमले तर तुमचं निम्मं काम झालं. नांदेडला मुक्काम असेल आणि जमत असेल तर गुरुद्वाऱ्याचा लंगर आहेच. तिथली दाळ-रोटी पंगतीत बसून खाताना मला कधी ढाब्याची आठवण झाली नाही.

लॉजच्या खोलीत काय करता येईल? एक छोटी इलेक्ट्रिक किटली घ्या, स्वतःची. लॉजवरची वापरू नका, आधी कुणी तिच्यात काय उकळलंय सांगता येत नाही. ती हजार वॉटच्या वर ओढते, त्यामुळे जुन्या वायरिंगच्या लॉजवर मॅनेजरला विचारून लावा. अंडी चालणारं लॉज असेल तर रात्री चार अंडी आणून ठेवायची. सकाळी दोन किटलीत, बुडेल एवढं पाणी, उकळून बटण पडलं की झाकण न उघडता बारा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं. दाढी होईपर्यंत न्याहारी तयार. गुरुवार-शनिवारी पातळ पोहे चाळणीत धुऊन त्यावर दही, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. विस्तव लागत नाही. सातूचं पीठ ताकात कालवून मीठ-जिऱ्याबरोबर छान लागतं. गुळाचं टाळा, निदान हे तीन महिने. चुरमुरे, फुटाणे, कांदा, चटणी अशी कोरडी भेळ संध्याकाळी सहाला चालते. येसर मात्र किटलीत करू नका. त्याला नीट उकळी लागते आणि तळाला चिकटून किटली जाते, मी करून बघितलंय.

ओट्स? साधे असतील तर खुशाल घ्या, गरम पाणी आणि दुधात होतात. मसाला ओट्समध्ये मीठ बरंच असतं. प्रोटीन पावडरबद्दल माझं मत असं की ती विष नाही आणि गरजही नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन जिथे यायला हवं त्या ७०-७२ किलोला साठेक ग्रॅम. आता मोजा: दोन अंडी १२, दोन मुठी फुटाणे-शेंगदाणे १३ च्या आसपास, दुपारची उसळ ७, रात्रीचं घट्ट वरण ६-७, दोन्ही वेळचं मिळून वाटीभर दही ५, कपभर दूध ६, साडेतीन भाकरींतून वीसेक. साठ ओलांडले. अंडी नसलेल्या दिवशी उसळ दोन्ही वेळा. पावडरीचा डबा अडीच-तीन हजारांचा. तेवढ्यात मावशीकडचे पुष्कळ डबे होतात.

रात्रीचं जेवण बंद करायचा विचार सोडा. तुमच्या दिवसात ते एकच जेवण नियमित आहे. ते काढलंत तर चार दिवस वजन उतरेल आणि पाचव्या दिवशी रात्री अकराला बसस्थानकासमोर अंडाभुर्जी-पाव. त्यापेक्षा सहाची मूठ चुकवू नका, साडेआठच्या आत जेवा आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. लॉजच्या रस्त्यावर चाललात तरी पुरे. मीटिंग लांबली आणि दहाच वाजले तर त्या दिवशी ढाबा नको. खोलीवर दूध, दोन अंडी किंवा दही-पोहे, आणि झोप.

फळं तालुक्याच्या बाजारातून, मोसमाची. अर्धापूरकडची केळी रोज एक चालेल, दोन-तीन नको. जालन्याची मोसंबी सोलून खा, रस काढून घेऊ नका. पेरू सगळ्यात चांगला. सीताफळ म्हणाल तर बीडकडे दौरा असताना मोह आवरत नाही, मलाही. एक मध्यम फळ, आणि त्या वेळची भाकर अर्धी. थंडीत माळवं स्वस्त असतं तेव्हा गाजर, मुळा, काकडी धुऊन बॅगेत टाका. आणि उन्हाळ्यात रसवंतीवर थांबायची सवय असेल तर तिथेही चहाचंच गणित आहे. एका मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर साखर जाते. पाणी बरोबर ठेवा. दुपारी चारला लागणारी 'भूक' कधीकधी तहानही असू शकते, आधी अर्धा लिटर पाणी पिऊन दहा मिनिटं थांबून बघा.

उपवासाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण श्रावणात दौरा असेल तर साबुदाणा खिचडीच्या ताटापेक्षा दही, शेंगदाणे, राजगिरा आणि एखादं फळ यांवर काढा. भगरीचं तयार पीठ अनोळखी ठिकाणी घेऊ नका. उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याच भागातून येत असतात.

एवढं सगळं एकदम होणार नाही, आणि करूही नका. पहिले पंधरा दिवस फक्त डबी आणि चहा. पुढचे पंधरा दिवस सकाळची न्याहारी आणि खानावळींचे नंबर. महिन्यानंतर रात्रीच्या भाकरी. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतं, त्यामुळे बदल सुरू केल्यापासून पूर्ण तीन महिने झाल्यावरच तपासा. ट्रायग्लिसराइडसाठी रात्रभर उपाशी राहून रक्त द्या, आणि आदल्या रात्री ढाबा नको.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली. वहिनी सोमवारी सहा दिवसांचे धपाटे करून देते म्हणतात, द्यावेत का? सहा दिवसांचे नको. थंडीत दोन दिवस, फार तर तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवा. कांदा आणि कोथिंबीर न घालता, नीट खरपूस भाजून, पूर्ण गार झाल्यावर सुती कापडात बांधायला सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम भरले की घाम सुटतो आणि बुरशी धरते. जेवणाला दोन धपाटे, दही घेऊन. सोमवार-मंगळवार असे निघाले तर ढाब्याच्या चार फेऱ्या वाचतात.

दुसरं, येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतकरी शेतावर जेवायला बोलावतात आणि दिवसात तीन-तीन ठिकाणी बसावं लागतं, तेव्हा काय करावं? जा आणि जेवा. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि शिवारातली भाजी असते. मी तुम्हाला सांगतेय ते सगळं त्या एका पातेल्यात आहे. भज्जी भरपूर घ्या, आंबील हवी तेवढी प्या, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) मोजून दोन. खीर पहिल्या शेतावर खा आणि पुढच्या दोन ठिकाणी सांगा की शुगर निघालीय.